खुंट कोणाचा, गोडी कोणाची?

द्राक्षाची नवी बाग लावणारा शेतकरी हटकून विचारतो, "रानवेलीच्या खुंटावर कलम केले, तर मण्याची गोडी उतरेल का?" प्रश्न जुनाच आहे. १८६० नंतर फ्रान्समध्ये फायलोक्झेरा या मुळे खाणाऱ्या किडीने बागा उद्ध्वस्त केल्या, तेव्हा तिला दाद न देणाऱ्या अमेरिकी वेलींच्या मुळांवर कलमे बांधली गेली. रानवेलीचा उग्र वास द्राक्षात उतरेल, ही तिथल्या बागाईतदारांची भीती खरी ठरली नाही. थॉमसनची काडी कोणत्याही खुंटावर भरा, मणी थॉमसनचाच येतो.

मग खुंटाने काहीच बदलत नाही का? बदलते. मण्यात पाणी, साखर आणि टार्टारिक व मॅलिक ही दोन मुख्य आम्ले असतात. जात तीच राहिली, तरी यांचे प्रमाण खुंटागणिक कमीजास्त होते. साखर बनते पानात. पण पाणी, पालाश व सोडियम किती वर चढणार आणि वेल किती माजणार, यात मुळांचा हात मोठा.

पाणीटंचाई व खारट जमिनी यांमुळे आपल्याकडे डॉगरिज खुंट पसरला. हा टेक्सासकडचा, भारी जोराचा. हलक्या रानात हा जोर उपयोगी. काळ्या कसदार जमिनीत पाणी व नत्र सढळ दिले, की तोच नडतो. फुटवे माजतात, घड सावलीत जातात, साखर उशिरा भरते आणि काळ्या जातींना रंग नीट चढत नाही. अशा ठिकाणी ११० आर हा कमी जोराचा खुंट विचारात घ्यावा.

पालाशाचेही तसेच. मण्यात तो फार उतरला, की टार्टारिक आम्लाशी मिळून त्याचा क्षार बनतो व रसाचा सामू वाढतो. वाइनच्या द्राक्षाला हे चालत नाही.

म्हणून शेजाऱ्याचा खुंट पाहून आपला ठरवू नये. लागवडीपूर्वी माती व पाणी तपासावे. बाग फळाला आल्यावर फुलोऱ्यात पानदेठ तपासून खते द्यावीत. काढणीआधी घडाच्या वरच्या, मधल्या व टोकाच्या, उन्हातल्या व सावलीतल्या मण्यांचा रस रिफ्रॅक्टोमीटरवर पाहावा. १८ ब्रिक्स म्हणजे १०० ग्रॅम रसात सुमारे १८ ग्रॅम विरघळलेले घटक, त्यात बहुतेक साखर. मात्र आम्ल जास्त असेल, तर तेवढ्या साखरेचा मणीही आंबट लागतो. म्हणून चवही घ्यावी.

खत पुढच्या हंगामात बदलता येते. खुंट बदलायचा म्हणजे बागच मोडायची. निवड आधीच नीट करावी.