पंखाचा सांधा : एपॉक्सीची निवड आणि मोजमाप



काही दिवसांपूर्वी सयाजीगंजातील माझ्या खोलीवर एक विद्यार्थी आला. हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेले दोन तुकडे होते. ते एका लहान विमानाच्या पंखाचे डावे आणि उजवे अंग होते. तीन आठवडे खपून त्याने तो पंख केला होता. पहिल्याच उड्डाणात, विमान वळण घेत असताना, पंख मधोमध मिटला आणि विमान क्रिकेट खेळणाऱ्या मुलांपासून दहा-बारा पावलांवर येऊन आदळले. "सर, लाकूड तर उत्तम होतं. मग पंख मोडला कसा?" त्याने विचारले. मी सांधा पाहिला. लाकूड कोठेही मोडले नव्हते. दोन्ही अंगांवर पिवळसर चिकटा तसाच होता आणि नख दाबताच त्यात खळगा पडत होता. "हार्डनर किती घातला होतास?" मी विचारले. "लवकर वाळावं म्हणून थोडा जास्तच घातला," तो म्हणाला.

या 'थोडा जास्तच'विषयी मला आज चार शब्द सांगावयाचे आहेत. २८ ऑक्टोबर २०२४ रोजी बडोद्यात सी-२९५ या विमानांच्या जुळणीच्या कारखान्याचे उद्घाटन झाले. विमाने आता या शहराच्या कारागिरीचा विषय झाली आहेत. ज्या तरुणांना त्या कामाची ओढ आहे, त्यांचा पहिला धडा बहुधा अशा छोट्या पंखावरच गिरवला जातो.

एपॉक्सी ही मानवनिर्मित राळ होय. १९३० नंतरच्या दशकात स्वित्झर्लंडमधील पिएर कास्ताँ हे दातांच्या कवळ्यांसाठी योग्य पदार्थ शोधत असता या राळेपर्यंत पोहोचले. १९४६ साली सिबा या स्विस कंपनीने ती अराल्डाइट या नावाने चिकटविण्यासाठी पुढे आणली. आज आपल्या गुजरातेतच, वलसाडजवळच्या अतुल येथे, एपॉक्सी रेझिन तयार होते. तेव्हा वस्तू दुर्मिळ राहिलेली नाही. दुर्मिळ आहे ती ती वापरण्याची शिस्त.

पहिला गैरसमज असा की एपॉक्सी 'वाळते'. डिंक वाळतो, कारण त्यातले पाणी उडून जाते. एपॉक्सीतून उडून जाण्यासारखे काही नसते. रेझिन आणि हार्डनर यांचे रेणू एकमेकांत गुंतून एक अखंड जाळे होते आणि तेच घट्ट होते. दुसरा गैरसमज अधिक घातक आहे. हार्डनर म्हणजे दुधाला लावलेले विरजण, थोडे कमी-अधिक झाले तरी दही लागायचेच, असे अनेकांना वाटते. पॉलिएस्टर रेझिनच्या बाबतीत हे पुष्कळसे खरे आहे. एपॉक्सीला मात्र उपमा द्यायची तर सदऱ्याच्या गुंड्यांची आणि काजांची द्यावी लागेल. जितकी काजे तितक्याच गुंड्या हव्यात. गुंड्या अधिक झाल्या तर त्या नुसत्या लोंबकळत राहतात, कमी पडल्या तर सदरा उघडा राहतो. जादा हार्डनरला जोडीदार मिळत नाही. तो जाळ्यात अडकून पडतो आणि सांधा मऊ ठेवतो. आमच्या विद्यार्थ्याच्या पंखात हेच घडले होते.

मग प्रमाण कोणते? प्रत्येक जोडीचे प्रमाण वेगळे असते आणि ते डब्यावर किंवा उत्पादकाच्या पत्रकात छापलेले असते. आपल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत पुष्कळ वापरले जाणारे एलवाय ५५६ हे रेझिन आणि एचवाय ९५१ हा हार्डनर घ्या. त्यांचे प्रमाण वजनाने शंभरास दहा असे आहे. याउलट नेहमीच्या दोन नळ्यांच्या अराल्डाइटमध्ये दोन्ही भाग आकारमानाने समसमान घ्यावयाचे असतात. पण तेच तराजूवर तोलले तर प्रमाण शंभरास ऐंशी होते, कारण त्यातला हार्डनर वजनाला हलका असतो. म्हणून पत्रकावरचा आकडा वाचताना तो वजनाचा आहे की आकारमानाचा, हे आधी पाहावे. या एका प्रश्नाचा विसर पडल्याने कितीतरी पंख वाया जातात.

तोलण्यासाठी स्वयंपाकघरातला काटा कामाचा नाही. वीस ग्रॅम रेझिनला दोन ग्रॅम हार्डनर लागतो. एकेका ग्रॅमने सरकणारा काटा 'दोन' दाखवील तेव्हा भांड्यात प्रत्यक्ष दीड ग्रॅम असेल किंवा अडीच ग्रॅमही असेल. म्हणजे चूक चौथाईची झाली. येथे सोनाराची दृष्टी हवी. जुन्या हिशेबाने एक ग्रॅम म्हणजे सुमारे आठ गुंजा. सोनार एका गुंजेची हेळसांड करीत नाही, आपणही करू नये. निदान दशांश ग्रॅम, आणि जमल्यास शतांश ग्रॅम दाखवणारा छोटा विजेरी काटा घ्यावा. हल्ली तो फार महाग नसतो. पेला ठेवून काटा शून्यावर आणावा, आधी रेझिन तोलावे, त्यावरून हार्डनरचा आकडा कागदावर मांडावा आणि मगच थेंबाथेंबाने हार्डनर सोडावा. नंतर किमान दोन मिनिटे, पेल्याच्या कडा आणि तळ खरवडीत, सावकाश ढवळावे. मिश्रण दुसऱ्या स्वच्छ पेल्यात ओतून पुन्हा ढवळले तर कडेला राहिलेले कच्चे रेझिन पंखावर येत नाही.

आता निवड. पाच मिनिटांत घट्ट होणारे एपॉक्सी मैदानावरच्या तात्पुरत्या दुरुस्तीला ठीक. पंखाचा मधला सांधा मात्र त्याच्यावर सोपवू नये. ते झिरपून बसण्यापूर्वीच आवळते, आणि उष्णता व ओल यांपुढे सावकाश घट्ट होणाऱ्या एपॉक्सीइतके टिकत नाही. विमान साठ अंश कलून सपाट वळण घेते तेव्हा पंखांवर त्याच्या वजनाच्या दुप्पट भार येतो, आणि त्या भाराचा सर्वांत मोठा मोड मध्यावरच बसतो. तेथे अर्ध्या तासाहून अधिक अवधी देणारे दाट एपॉक्सी वापरावे आणि आतल्या आडव्या कण्याला, म्हणजे स्पारला, दोन्ही बाजूंनी पातळ प्लायवूडची पट्टी द्यावी. पंखावर काचतंतूंचे कापड बसवायचे असेल तर मात्र पातळ, वाहते रेझिन हवे. पंखाचा गाभा थर्मोकोलचा असेल तर एपॉक्सीचा आणखी एक लाभ आहे. पॉलिएस्टर रेझिन आणि झटपट चिकटणारे पुष्कळ गोंद थर्मोकोल विरघळवून टाकतात, एपॉक्सी त्याला धक्का लावीत नाही.

किती रेझिन लागेल, हे अंदाजावर सोडू नये. समजा, पंखाची लांबी १२० सेंटिमीटर आणि रुंदी २० सेंटिमीटर आहे. वरची व खालची बाजू मिळून क्षेत्रफळ ०.४८ चौरस मीटर झाले. चौरस मीटरला ५० ग्रॅम वजनाचे कापड घेतले तर कापड २४ ग्रॅम लागेल. हाताने काम करताना कापडाच्या वजनाइतकेच मिश्रण पुरते. त्यात पेल्याला आणि ब्रशाला लागणारे सहा ग्रॅम मिळवा. एकूण ३० ग्रॅम. शंभरास दहा या प्रमाणाने २७.३ ग्रॅम रेझिन आणि २.७ ग्रॅम हार्डनर. एवढेच पुरे. यापेक्षा अधिक ओतलेले रेझिन पंखाला बळ देत नाही, नुसते ओझे वाढवते. कापडाचे बळ त्याच्या तंतूंत असते, राळ फक्त त्यांना जागेवर धरून ठेवते. म्हणून जादा रेझिन टिपकागदाने टिपून घ्यावे. दोन्ही अंगे शेवटी काट्यावर ठेवून पाहावीत. एक जड निघाले तर विमान त्या बाजूला कलते.

आपल्या हवेचाही विचार केला पाहिजे. तापमान दहा अंशांनी वाढले की मिश्रणाचा अवधी जवळजवळ निम्मा होतो. बडोद्याच्या मे महिन्यात हे काम पहाटे करावे, आणि मिश्रण खोल पेल्यात साठवून न ठेवता पसरट ताटलीत ओतावे. पेल्यात साचलेले मिश्रण आपल्याच उष्णतेने तापत जाते, क्वचित धुरावतेही. पावसाळ्यात दमट हवेमुळे पृष्ठभागावर मेणचट साय धरते. ती कोमट पाण्याने आणि साबणाने धुऊन, पॉलिश कागदाने घासल्याशिवाय दुसरा थर देऊ नये. थंडीत रेझिनमध्ये पांढरे कण दिसले तर घाबरू नये. डबा गरम पाण्यात ठेवला की ते विरघळतात. घरच्या तापमानात घट्ट झालेले पुष्कळसे एपॉक्सी पन्नास-साठ अंशांच्या आसपास मऊ पडू लागते, हेही ध्यानात ठेवावे. पंखाला काळा रंग देऊन तो उन्हात बंद मोटारीत ठेवणे म्हणजे सांधा आपल्या हाताने सैल करणे होय.

दुसऱ्या महायुद्धात डी हॅविलँड कंपनीची मॉस्किटो ही लाकडी विमाने आपल्या देशात आली होती. त्यांच्या बांधणीत बाल्सा आणि बर्च लाकडाचे प्लायवूड होते. १९४४ च्या अखेरीस त्यांपैकी काही विमाने हवेतच पंख मोडून पडली. संशय प्रथम दुधातील प्रथिनापासून केलेल्या केसीन सरसावर आणि आपल्या पावसाळ्यावर गेला. चौकशीसाठी एक पथक भारतात आले. पण पुढील तपासात ठपका आला तो कारखान्यातील सदोष जोडकामावर. सरसाला आणि हवेला दोष देणे सोपे असते. सांधा जोडणाऱ्याने आपल्या हाताकडे पाहणे अवघड असते.

स्वतःची काळजीही घ्यावी. रेझिन आणि हार्डनर त्वचेला लागू देऊ नयेत. एकदा त्यांची ॲलर्जी जडली की ती बहुधा जन्मभर राहते. नायट्राइलचे हातमोजे घालावेत, खोलीत वारा खेळता असावा, घासताना नाकातोंडावर मास्क असावा. हाताला लागलेच तर ॲसिटोनने पुसू नये, साबण-पाण्याने धुवावे.

शेवटी एक छोटी सवय सांगतो. पेल्याच्या तळाशी उरलेले मिश्रण फेकू नका. त्यावर तारीख आणि वजने लिहून ठेवा, आणि दुसऱ्या दिवशी नख दाबून पाहा. खळगा पडला तर तो पंख आकाशात नेऊ नका, मग त्यासाठी कितीही दिवस खर्ची पडलेले असोत. पंख पुन्हा करता येतो. मैदानावर खेळणाऱ्या मुलाच्या डोक्यावर किलोभराचे विमान पडले तर ती चूक दुरुस्त करता येत नाही.

तो विद्यार्थी परवा पुन्हा आला. या वेळी हातात पंख नव्हता, घट्ट झालेल्या मिश्रणाचे तीन छोटे पेले होते आणि प्रत्येकावर आकडे लिहिलेले होते. त्याने ते माझ्यापुढे ठेवले. मी तिन्हींवर नख दाबून पाहिले. एकावरही खूण उमटली नाही.