अक्काचा रिपोर्ट

अक्का माझी थोरली बहीण. वय अठ्ठावन्न. वडील लवकर गेले, तेव्हा माझी फी भरण्यासाठी हिने शिवणाचे यंत्र चालवले. मी एम. ए. झालो तो तिच्या टाक्यांवर. यजमान जाऊन तिला नऊ वर्षे झाली.

गेल्या वर्षी तिच्या पित्ताशयात खडे निघाले. शस्त्रक्रिया ठरली, नेहमीच्या तपासण्या झाल्या. संध्याकाळी भाचा रिपोर्ट घेऊन आला तो मान खाली घालूनच. कागद माझ्या हाती देऊन बाल्कनीत जाऊन उभा राहिला. इतर आकड्यांच्या गर्दीत एक ओळ होती : गर्भधारणेची चाचणी, पॉझिटिव्ह!

ही तपासणी मुळात का केली, कोण जाणे. यादीत होती म्हणून झाली असावी. शस्त्रक्रिया लांबणीवर पडली. कुणीतरी दबक्या आवाजात कॅन्सरचे नाव काढले. अक्का मात्र एवढेच म्हणाली, “बापू, लोकांना काय सांगायचं रे?” त्या रात्री ती जेवली नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही एका वयस्क डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी रिपोर्ट पाहिला आणि हसून म्हणाल्या, “अहो, आकडा बघा ना! नऊ. पाचाच्या वर गेला की यंत्र पॉझिटिव्ह म्हणून मोकळं होतं. खरं गरोदरपण असलं तर हाच आकडा तिसऱ्या महिन्याच्या सुमारास लाखाच्या घरात जातो.”

मग त्यांनी समजावून सांगितले ते असे. गरोदरपणी वारेतून एचसीजी नावाचे संप्रेरक रक्तात उतरते. चाचणी तेच शोधते. पण मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पिट्यूटरी, म्हणजे पीयूषिका ग्रंथी असते. ती एलएच नावाचे संप्रेरक करते. एलएच आणि एचसीजी ही जवळजवळ सख्खी भावंडे. दोघांचा अर्धा भाग एकसारखा, आणि उरलेल्या अर्ध्याची जनुके एकोणिसाव्या गुणसूत्रावर शेजारी शेजारी. त्यामुळे पीयूषिका एलएच करता करता चिमूटभर एचसीजीही करते. हे पुरुषांतही घडते! पाळी थांबली, की बीजकोशांकडून येणारा लगाम सुटतो, पीयूषिका जोमाने कामाला लागते आणि ही चिमूट तपासणीत दिसू लागते. पंचावन्नच्या पुढच्या स्त्रीत चौदापर्यंतचा आकडा आढळला तर डॉक्टर दचकत नाहीत.

“मग कॅन्सर?” मी धीर करून विचारले.

“काही गाठीही हे संप्रेरक करतात, म्हणून नुसतं हसून सोडून द्यायचं नसतं. पण पारखायला साधे उपाय आहेत.” एफएसएच नावाचे पीयूषिकेचेच दुसरे संप्रेरक मोजायचे, ते पंचेचाळीसच्या वर असले, तर बोट पीयूषिकेकडेच जाते. चाचणी काही दिवसांनी पुन्हा करायची. गरोदरपणाच्या आरंभी आकडा दोन-तीन दिवसांत दुप्पट होतो, इथे तो जागचा हलत नाही. तरीही शंका उरली, तर दोन-तीन आठवडे इस्ट्रोजेनच्या गोळ्या द्यायच्या. लगाम पुन्हा बसतो आणि आकडा खाली येतो.

अक्काचे एफएसएच बहात्तर निघाले. दोन आठवड्यांनी एचसीजी पुन्हा नऊच!

मी पडलो भाषेचा मास्तर. घरी येऊन पुस्तके चाळली. मौजेची गोष्ट सापडली. १९२७-२८च्या सुमारास बर्लिनमध्ये आशहाइम आणि झोंडेक या दोघांनी स्त्रीची लघवी उंदरांच्या लहान माद्यांना टोचून गर्भ ओळखण्याची चाचणी काढली. हा पदार्थ पीयूषिकेतूनच येतो, अशी त्यांची समजूत होती. पुढे तो वारेचा ठरला आणि त्यांची समजूत चुकीची म्हणून बाजूला पडली. हिटलर आल्यावर दोघांनाही जर्मनी सोडावी लागली. आशहाइम पॅरिसला गेले, झोंडेक अखेर जेरुसलेमला. १९७६ साली अमेरिकेतील संशोधकांनी दाखवले, की गर्भ नसलेल्या माणसांच्या शरीरातही असाच पदार्थ सापडतो. गरोदरपणाबाबत दोघे चुकले होते खरे. पण पीयूषिकेच्या पदरी तेवढी चिमूट होतीच!

शस्त्रक्रिया सुखरूप पार पडली. यंदा अक्का चकल्या तळायला आमच्याकडेच आली आहे. परवा शेजारच्या वहिनी काळजीने सांगत होत्या, की त्यांच्या आत्याबाईंच्या रिपोर्टात काहीतरी भलतेच आले आहे. अक्काने झारा खाली ठेवला आणि शांतपणे विचारले,

“आकडा किती आलाय?”