म्हाताऱ्या मांजरीचा गृहप्रवेश
दहा-अकरा वर्षांपुढची मांजर वयस्क समजली जाते. अशा मांजरीला घरातल्या इतर मांजरांपुढे थेट सोडणं हा तिच्यावर अन्याय आहे. आधी पशुवैद्याकडून मूत्रपिंडं, थायरॉइड, दात तपासून घ्या. फेलाइन ल्युकेमियाची रक्तचाचणीही करा. मग एक खोली तिची एकटीची.

मांजरं एकमेकांना मुख्यतः वासाने ओळखतात. म्हणून तिचं अंथरूण त्यांच्याकडे, त्यांचं तिच्याकडे ठेवा. बंद दाराच्या दोन्ही बाजूंना खाऊ घाला. सगळी निवांत खाऊ लागली की दार किंचित उघडा. याला कधी आठवडे, कधी महिने लागतात. फिसकारल्याबद्दल ओरडू नका. पाठलाग मात्र लगेच थांबवा.

तरुण बोका खेळायला म्हणून अंगावर उडी घेतो, पण सांधे आखडलेल्या म्हातारीला ते सोसत नाही. पळून कपाटावर चढणंही तिला जमत नाही, म्हणून लपायची जागा जमिनीलगत हवी. शी-शूचा ट्रे बुटक्या कडेचा असावा, आणि घरात मांजरांच्या संख्येपेक्षा एक ट्रे जास्त. तिने दिवसभर काहीच खाल्लं नाही, तर डॉक्टरांना गाठा: उपाशी मांजरीच्या यकृतात चरबी साठून जिवावर बेतू शकतं.