खडक जुना, रान नवे

राष्ट्रपती भवनाच्या पाठीमागे धौला कुआँपासून करोल बागेपर्यंत पसरलेल्या गर्द हिरव्या पट्ट्याचे उपग्रहावरून टिपलेले छायाचित्र पाहिले, तर दिल्लीच्या ऐन मध्यावर एखादे आदिम अरण्य शाबूत राहिले असावे असे वाटते. आणि त्या झाडीखालचा क्वार्ट्‌झाइट, म्हणजे वाळूचे खडक उष्णता आणि दाबाने घट्ट होऊन बनलेला अतिशय कठीण पाषाण, शंभर कोटी वर्षांहून जुना असल्याचे कळले की ही समजूत अधिकच पक्की होते. वस्तुतः खडकाचे वय आणि त्यावरील रानाचे वय यांचा येथे काहीही संबंध नाही. गुजरातेपासून निघालेली अरवलीची रांग हरियाणातून दिल्लीत शिरते आणि वझीराबादजवळ यमुनेपाशी संपते. तिच्या या शेवटच्या भागाला दिल्लीकर ‘रिज’ म्हणतात. उत्तर, मध्य, दक्षिण-मध्य आणि दक्षिण अशा चार तुकड्यांत उरलेली ही टेकाडे सुमारे ७,७७७ हेक्टर भरतात, त्यांपैकी बहुतांश क्षेत्र १९९४ मध्ये राखीव वनासाठी अधिसूचित झाले, आणि त्यावरील बरीचशी झाडी शंभर-सव्वाशे वर्षांच्या आतली आहे.

रानाचे वय झाडांच्या उंचीवरून किंवा घेरावरून ठरवता येत नाही, हे इंग्लंडमधील वनेतिहासाचे अभ्यासक ऑलिव्हर रॅकहॅम यांनी आपल्या लेखनातून वारंवार दाखवले. जमिनीवरचे मातीचे जुने बांध, पुनःपुन्हा तोडल्यामुळे बुंध्याशी फुगलेली आणि अनेक खोडांत फुटलेली झाडे, आणि मोडलेल्या जमिनीवर सहसा परत न येणाऱ्या काही चिवट पण मंदगती वनस्पती, अशा खुणा जुन्या दस्तऐवजांशी ताडून त्यांनी वनांची चरित्रे लिहिली. फ्रान्समधील त्राँसे येथील ओकच्या जंगलात तर रोमन काळातील शेतवाड्यांचा परिणाम आजच्या मातीत आणि तिच्यावर उगवणाऱ्या वनस्पतींत टिकून असल्याचे २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून पुढे आले. शेत पडीक पडून तेथे झाडी माजली, तरी नांगराने आणि खताने बदललेली माती तो बदल विसरत नाही. दिल्लीत माती पातळ, गुरांचा वावर अफाट आणि राज्ये उलथण्याचा वेग मोठा असल्यामुळे हे वाचन अधिक किचकट होते. मात्र येथे दगड भरपूर आहे, आणि दगडावर उमटलेली खूण सहजासहजी पुसली जात नाही.

लिखित साधनांपासून सुरुवात करायची तर तेराव्या शतकातील दिल्लीभोवती खरोखरच दाट रान होते असे दिसते. गियासुद्दीन बल्बनच्या कारकिर्दीविषयी, म्हणजे १२६६ नंतरच्या काळाविषयी, इतिहासकार झियाउद्दीन बरनी सांगतो, की राजधानीलगतच्या जंगलाच्या आडोशाने मेवाती टोळ्या थेट वेशीपर्यंत येत, पाणी भरणाऱ्यांनाही लुटत, आणि त्यांच्या धास्तीने शहराचे पश्चिमेकडील दरवाजे तिसऱ्या प्रहरच्या नमाजानंतर बंद करावे लागत. म्हणून बल्बनने मेवातींचा संहार केला आणि ते जंगल तोडवून काढले. दरबारी इतिहासकाराच्या लेखणीत अतिशयोक्तीला वाव असतोच, पण कुऱ्हाड चालवण्याजोगे काही तेथे होते एवढे तरी यावरून मानायला हरकत नाही. पुढे चौदाव्या शतकात फिरोजशाह तुघलकाने याच टेकाडांवर शिकारीचे महाल बांधले. उत्तर रिजवरील पीर गायब आणि मध्य रिजवरील मालचा महाल व भूली भटियारी का महाल ही त्या काळातील बांधकामे आज झाडीत दडलेली आहेत. मेरठहून आणलेला अशोकस्तंभही फिरोजशाहने उत्तर रिजवरील आपल्या शिकारमहालातच उभारला होता. अठराव्या शतकातील एका स्फोटात त्याचे तुकडे झाले आणि १८६७ मध्ये तो पुन्हा उभा करण्यात आला.

शिकारमहालावरून भोवती सावजे होती एवढे निश्चित कळते. रान किती दाट होते याचे उत्तर मात्र सावज कोणते होते यावर अवलंबून असते. मुघल बादशहा जहांगीर आपल्या आठवणींत दिल्लीजवळच्या पालमच्या शिकारीविषयी लिहितो, तेव्हा त्यात चित्ते सोडून मारलेल्या काळविटांचा उल्लेख येतो. काळवीट हा मोकळ्या गवताळ माळाचा प्राणी आहे आणि चित्त्यालाही धावायला मोकळे मैदानच लागते. त्यामुळे सतराव्या शतकाच्या आरंभी, निदान टेकाडांच्या पायथ्याचा हा पश्चिमेकडचा प्रदेश, जेथे आज विमानतळ आहे, तो गवताचा आणि तुरळक झुडपांचा होता असा अंदाज बांधता येतो. प्राण्यांच्या नावांवरून भूप्रदेश ओळखण्याची ही रीत इतिहासाच्या पुस्तकांत फारशी वापरली जात नाही, याचे नवल वाटते.

यानंतरचा पुरावा छायाचित्रांचा आहे. १८५७ च्या उठावात इंग्रज फौजेने उत्तर रिजवर तळ ठोकला होता, आणि शहर पडल्यानंतर, १८५८ मध्ये, फेलिचे बेआतो या छायाचित्रकाराने तेथील फ्लॅगस्टाफ टॉवर, हिंदुराव यांचा वाडा अशा ठिकाणांची चित्रे घेतली. आज जेथे फांद्यांमुळे वीस पावलांपुढचे दिसत नाही, तेथे त्या चित्रांत धोंड्यांनी भरलेला उजाड माळ आहे. शतकानुशतके चाललेली सरपणतोड, चराई आणि दगडांचे खोदकाम यांनी टेकडी सोलून काढली होती.

मग सध्याची हिरवाई आली कोठून? मेक्सिको आणि दक्षिण अमेरिकेकडची ‘प्रोसोपिस ज्युलिफ्लोरा’ ही काटेरी वनस्पती, जिला महाराष्ट्रात वेडी बाभूळ आणि दिल्लीत विलायती कीकर म्हणतात, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात भारतात आणली गेली. १९११ मध्ये राजधानी दिल्लीला हलवण्याची घोषणा झाली, मालचा आणि रायसीना यांसारख्या गावांच्या जमिनी संपादित झाल्या, १९१३ मध्ये मध्य रिजचा मोठा भाग राखीव वन ठरला, आणि नव्या शहराच्या भव्य इमारतींमागे उघडी टेकडी दिसू नये म्हणून तेथे वनीकरण सुरू झाले. त्या खडकावर ज्या झाडाने हमखास तग धरला, ते विलायती कीकर होते. त्याची मुळे खोल जातात, गोड शेंगा गुरे आणि नीलगायी आवडीने खातात, पोटातून गेल्याने बियांचे कठीण कवच नरम पडून त्या शेणातून सहज रुजतात, आणि झाड तोडले तर बुंध्यातून दुपटीने फुटवे येतात. त्याच्या पालापाचोळ्यातील रसायने इतर रोपांची वाढ रोखतात. एखाद्या वनस्पतीने अशा रीतीने शेजाऱ्यांना दडपण्याच्या क्रियेला ‘अ‍ॅलेलोपथी’ म्हणतात.

कीकरच्या दाट गर्दीत थांबून जमिनीकडे पाहिले, तर हा इतिहास हाताच्या अंतरावर दिसतो. एकाच गाठाळ बुंध्यातून चार-सहा वाकडी खोडे बाहेर फुटलेली असतात; हे झाड सरपणासाठी वारंवार जमिनीलगत तोडले गेले आणि प्रत्येक वेळी नव्याने फुटले, असा त्याचा अर्थ. खाली गवत जवळजवळ नसते. असलाच तर अडुळसा असतो, ज्याच्या कडू पानांना शेळीही तोंड लावत नाही. म्हणून जेथे अडुळशाखेरीज दुसरे झुडूप नाही, तेथे पूर्वी भरपूर चराई झाली असावी असे अनुमान करता येते. मधूनच वयाने मोठा कडुनिंब किंवा वड दिसला आणि जवळ बुजलेली विहीर किंवा जोहड, म्हणजे पावसाचे पाणी साठवणारे गावतळे, आढळले, तर ती जागा वस्तीची किंवा गुरांच्या विसाव्याची असण्याची शक्यता मोठी. पिंपळावर मात्र असा भरवसा ठेवता येत नाही, कारण पक्ष्यांच्या विष्ठेतून त्याचे बी पडक्या भिंतीवरही रुजते.

झाडांपेक्षा खडकावरच्या जखमा अधिक बोलक्या आहेत. वर्षानुवर्षे ऊनपाऊस खाल्लेला क्वार्ट्‌झाइट तपकिरी-काळसर पडतो, त्याच्या कडा बोथटतात आणि त्यावर दगडफुलाचे डाग चढतात. ताजा फुटलेला पृष्ठभाग याउलट करडा किंवा गुलाबी आणि धारदार असतो. खडकाच्या उभ्या भिंतीवर अर्ध्या नळीसारख्या सरळ खोबणी दिसल्या, तर त्या सुरुंगाची दारू भरण्यासाठी पाडलेल्या भोकांच्या उरलेल्या बाजू असतात, आणि ती खाण आधुनिक काळातली ठरते. लालकोट, तुघलकाबाद आणि नवी दिल्ली या तिन्ही शहरांनी याच टेकाडांचा दगड वापरला आहे. दक्षिण रिजवरील भाटी येथे खडकाची झीज होऊन बनलेली लालसर जाड वाळू, जिला दिल्लीतले गवंडी ‘बदरपूर’ म्हणतात, १९९० पर्यंत उपसली जात होती. मजुरांच्या अपघाती मृत्यूंनंतर ते काम थांबले आणि तो भाग असोला येथील अभयारण्याला जोडण्यात आला. आज असोला-भाटीतील निळ्या पाण्याची जी तळी पाहायला लोक जातात, ती खाणींचे खोल खड्डे भूजलाने भरल्यामुळे तयार झाली आहेत.

या सर्व उलथापालथीत जुने रान कोठे उरले आहे का, याचे उत्तर देणारे झाड धौ हे आहे. ‘अ‍ॅनोगायसस पेंड्युला’ या शास्त्रीय नावाचे हे झाड महाराष्ट्रातील धावड्याच्या कुळातले. पाने बारीक, फांद्या खाली झुकलेल्या, आणि मुळे क्वार्ट्‌झाइटच्या फटींत घट्ट रोवलेली. शेळ्या-मेंढ्या सतत कुरतडत राहिल्या तर धौ मरत नाही. तो खडकाला चिकटून गुडघ्याएवढ्या उंचीच्या गच्च गादीसारखा पसरतो, आणि अशा गादीखाली मनगटाएवढे जाड, वेडेवाकडे, जुने खोड सापडते. चराई थांबली की त्याच गादीतून सरळ शेंडे वर येतात आणि काही वर्षांत वृक्ष उभा राहतो. म्हणून उभ्या धौच्या पायथ्याशी गुंतलेल्या आडव्या खोडांचे जाळे दिसले, तर त्या उतारावर एके काळी कळप चरत होते आणि नंतर ते येईनासे झाले, हे वाचता येते. याहून महत्त्वाची बाब अशी, की धौच्या बियांची रुजण्याची क्षमता अतिशय कमी असते आणि त्याचा प्रसार मुख्यतः मुळांतून फुटणाऱ्या कोंबांनी होतो. एकदा मुळासकट उखडला गेला की तो आपणहून सहसा परतत नाही. त्यामुळे ज्या उतारावर धौ आपोआप वाढलेला आहे, तेथील जमीन फार मोठ्या काळात खणली किंवा नांगरली गेलेली नाही, असे बऱ्याच खात्रीने म्हणता येते.

असा धौ दिल्लीच्या हद्दीत तुरळक उरला आहे. त्याचे खरे रान हद्दीबाहेर, हरियाणाच्या फरीदाबाद जिल्ह्यातील मांगर बनी येथे आहे. फरीदाबाद-गुडगाव रस्त्यापासून आत, मांगर, बंधवाडी आणि बालियावास या गावांमधल्या दरीत असलेली ही बनी म्हणजे गुदरिया दास बाबांच्या नावाने राखलेली देवराई. तेथील गुज्जर समाजाने फांदी तोडणाऱ्यावर आणि गुरे चारणाऱ्यावर बाबांचा कोप होतो या श्रद्धेने ती सांभाळली. सह्याद्रीतील देवरायांचा वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी १९७० च्या दशकात जो अभ्यास केला, त्याच्या वाचकांना ही व्यवस्था परिचयाची वाटेल. फरक एवढाच, की कोकणातील देवराईत सदाहरित वृक्षांची भव्यता असते, तर मांगर बनीतील धौ, सालई आणि खैर यांची झाडे वैशाख-ज्येष्ठात अगदी दरिद्री दिसतात. धौची पाने हिवाळ्यात तांबूस होऊन गळतात आणि उन्हाळ्यात सारा उतार काटक्यांचा ढीग भासतो. बनीच्या परिसरातील गुहांमध्ये आणि खडकांच्या आडोशांत प्रागैतिहासिक चित्रे असल्याची माहिती २०२१ मध्ये पुढे आली, आणि जवळच्या अनंगपूर परिसरात अश्मयुगीन दगडी हत्यारे त्यापूर्वीच सापडली होती. म्हणजे या दऱ्यांत माणसाचा वावर रानाइतकाच जुना आहे, आणि जुने रान म्हणजे माणसाने न पाहिलेले रान, ही कल्पना येथे तरी लागू पडत नाही.

अशा पर्णहीन रानाचे शासकीय कागदांत काय होते, हे पाहणेही उद्बोधक आहे. भारतीय वन सर्वेक्षण संस्था एक हेक्टर किंवा त्याहून मोठ्या क्षेत्रावर दहा टक्के किंवा अधिक छत्र असले की त्याला वनाच्छादन मानते; झाड कोणते आणि ते किती काळापासून तेथे आहे, हा प्रश्न त्या व्याख्येत येत नाही. बारमाही हिरवे राहणारे विलायती कीकर या मोजणीत सहज उत्तीर्ण होते. महसुली नोंदींत तर मांगरची टेकडी ‘गैर मुमकिन पहाड’, म्हणजे लागवडीस अयोग्य डोंगर, अशी लिहिलेली आहे. ज्या शेऱ्याने ती नांगरापासून वाचली, त्याच शेऱ्यामुळे ती वन असल्याचे सिद्ध करणे पुढे अवघड झाले. गावाच्या सामाईक जमिनीचे खासगी वाटे पडले, बरीचशी जमीन विकली गेली, आणि अखेर २०१६ मध्ये हरियाणा सरकारने बनी व तिच्याभोवतीचा ५०० मीटरचा पट्टा बांधकामापासून मुक्त ठेवण्याचा निर्णय घेतला.

गुडगावात, जेथे खाणींनी पोखरलेली टेकडी होती, तेथे २०१० मध्ये अरवली जैवविविधता उद्यान सुरू झाले. नागरिकांच्या गटांनी आणि वनस्पतिज्ञांनी अरवलीतील उरल्यासुरल्या रानांतून बिया गोळा करून, रोपवाटिकेत वाढवून, धौसह अनेक स्थानिक जाती तेथे रुजवल्या आहेत. आणखी शंभर वर्षांनी तेथे येणाऱ्या अभ्यासकाला धौ दिसेल आणि वर मांडलेल्या निकषाने तो या रानाला जुने ठरवू पाहील. त्याला चूक टाळायची असेल, तर झाडाऐवजी झाडाच्या पायाकडे पाहावे लागेल: मांगरचा धौ अखंड खडकाच्या फटीतून, एकमेकांना जोडलेल्या मुळांवर वर येतो, तर उद्यानातला धौ, प्रत्येक आपापल्या खड्ड्यात, खाणीने टाकलेल्या सुट्या मुरमावर उभा असेल.