दुभत्या जनावरांच्या आहारातील तांबे व त्याचे विरोधक

वसई तालुक्यातील तबेल्यांत एखाद्या म्हशीचे काळे केस तांबूस पडू लागतात, डोळ्यांभोवती पांढुरके दिसतात, अथवा ती वेळेवर माजावर येत नाही. पशुपालक त्याचा दोष जंतांस किंवा अपुऱ्या खुराकास देतो. ती कारणेही असू शकतात. परंतु तांब्याच्या उणिवेनेही हीच लक्षणे दिसतात, आणि चाऱ्यात तांबे पुरेसे असतानाही ही उणीव उत्पन्न होऊ शकते.

गाई-म्हशींच्या खाद्याच्या एक किलो शुष्क भागात साधारणतः 10 मिलिग्रॅम तांबे असावे लागते. त्यातील रक्तात किती उतरते, हा खरा प्रश्न होय. रवंथ करणाऱ्या जनावरांच्या कोठीपोटातील सूक्ष्म जंतू खाद्यातील व पाण्यातील गंधकाचे सल्फाइड बनवितात. चाऱ्यात मॉलिब्डेनम हे मूलद्रव्य अधिक असल्यास त्याचा या सल्फाइडाशी संयोग होतो व तयार झालेले थायोमॉलिब्डेट तांब्यास घट्ट बांधून टाकते. असे तांबे शेणावाटे निघून जाते. लोह व जस्त यांचा अतिरेकही तांब्याच्या आड येतो.

इंग्लंडमधील सॉमरसेट परगण्यात काही कुरणांवर चरणाऱ्या गाई हगवणीने खंगत असत. या कुरणांच्या गवतात मॉलिब्डेनम फार असल्याचे फर्ग्युसन, लुइस व वॉटसन यांनी 1938 साली दाखविले. मोरचूद देताच हगवण थांबली.

वसईकडे पाहता, खाडीलगतच्या ज्या विहिरींत समुद्राचे पाणी झिरपते त्यांत सल्फेट अधिक असते. पाणथळ जमिनीतील गवतात मॉलिब्डेनम सहज चढते. पावसाळ्यात चिखलाने माखलेल्या चाऱ्याबरोबर लोह पोटात जाते. त्यातच मुख्य चारा भाताचा पेंढा असेल, तर त्यात तांबे मुळातच बेताचे. मिठागराचे खडेमीठ चाटविल्याने सर्व क्षार मिळतात, हा समजही बरोबर नाही. त्यातून मुख्यतः सोडियम व क्लोरीन मिळते, तांबे नव्हे.

यावरून मोरचूद आणून अंदाजाने पाजावे, असे मात्र कोणी समजू नये. जादा तांबे यकृतात साठत राहते व एके दिवशी एकदम रक्तात उतरते. मग लघवी लाल होते, कावीळ दिसते व जनावर दगावते. मेंढ्यांना ही विषबाधा फार लवकर होते. बागायतीत मोरचूद व चुना यांचे बोर्डो मिश्रण फवारले असल्यास त्या बागेतील गवत व पाला शेळ्या-मेंढ्यांस घालू नये. गाई-म्हशींसाठी केलेले क्षारमिश्रणही मेंढ्यांस देणे धोक्याचे आहे.

दुभत्या जनावरास भारतीय मानक 1664 प्रमाणे बनविलेले क्षारमिश्रण खुराकात कालवून द्यावे. त्याचे प्रमाण दुधाच्या मानाने पशुवैद्यकाकडून ठरवून घ्यावे. पेंढ्याच्या जोडीला हिरवी वैरण असावी व ती माती झटकून घालावी. पिण्यास शक्यतो गोडे पाणी ठेवावे.

एकाच गोठ्यातील अनेक जनावरांत वरील लक्षणे दिसल्यास ग्रामसेवकाने पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवावे आणि रक्ताबरोबर चारा व पाणी यांचेही नमुने तपासणीस देण्याची व्यवस्था करावी. यकृतातील साठा बराच घटेपर्यंत रक्तातील तांबे फारसे उतरत नाही, आणि थायोमॉलिब्डेटने बांधलेले तांबेही रक्ताच्या तपासणीत मोजले जाते, म्हणून केवळ रक्ताच्या अहवालावर विसंबता येत नाही.