बोथट धारेचं कसब

जरीपटका हे नाव मराठ्यांच्या मानाच्या ध्वजाचं. नागपुरातली या नावाची वस्ती मात्र फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या कुटुंबांनी वसवलेली. इथे घराच्या मागच्या पडवीत एक बेंच ड्रिल, एक वाइस आणि कानशींचा डबा एवढंच माझं वर्कशॉप आहे. काम बहुतेक पितळाचं.

पितळ मऊ, म्हणून सोपं, असं नवख्याला वाटतं आणि पहिल्याच भोकात त्याचं पितळ उघडं पडतं. ड्रिल बिटची तीक्ष्ण धार पोलादात कीस उचलते; पितळात ती स्वतःच आत घुसते आणि तुकडा स्क्रूसारखा वर ओढते. भोक पलीकडे फुटताना हा हिसका सगळ्यात जोराचा. मी एकदा तुकडा हातात धरूनच भोक पाडायला गेलो. तो गरकन फिरला आणि अंगठ्याला तीन टाके पडले. तेव्हापासून वाइसशिवाय मशीन सुरू होत नाही.

या हिसक्यावरचा उपाय उफराटा आहे. ऑइल स्टोन बिटच्या लांबीला समांतर धरून दोन्ही धारांवर चार-पाच हलके हात फिरवायचे. कडेला जेमतेम दिसणारी सपाट रेघ उमटते. मग बिट खेचत नाही, खरवडतं. अशी बिटं वेगळ्या डबीत ठेवावीत; पोलादावर ती कामाची नाहीत.

मशीनकामाच्या रॉडमध्ये सुमारे 3 टक्के शिसं असतं. त्यामुळे कीस भुरभुरीत तुटतो, तेलही लागत नाही. मात्र जेवणाआधी हात साबणाने धुवायचे. जवळचा भंडारा पितळी भांड्यांसाठी प्रसिद्ध, पण ठोकून घडवायच्या पत्र्यात एवढं शिसं चालत नाही, तो तडकतो.

खरी परीक्षा जोडणीची. 6 मिलिमीटरच्या पिनेसाठी बुश करताना 5.8 चं भोक पाडून वरून रीमर फिरवतो. एच-7 मापाला वर फक्त 0.012 मिलिमीटरची सूट. ड्रिलिंगने बुश 30 अंशांनी तापलं, तर त्यातले सुमारे 0.003 नुसत्या प्रसरणात जातात. म्हणून निवल्यावरच मोजायचं.

शेवटी पिनेला तेलाचा थेंब लावून ती उभ्या बुशात सोडतो. खालचं तोंड बोटाने दाबलं की कोंडलेल्या हवेवर पिन अडते. बोट काढलं की सावकाश खाली उतरते.