अपराधी मुलाचे मन कोण तपासणार ?

चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा चोरीच्या वा मारामारीच्या आरोपावरून धरला गेला की गावात पहिला प्रश्न निघतो तो 'याने काय केले?' हा. 'याला काय झाले आहे?' हा दुसरा प्रश्न बहुधा कोणी विचारीत नाही. आणि अनर्थाचे मूळ येथेच आहे, असे आमचे मत आहे.

बीड जिल्ह्यातील असंख्य कुटुंबे दसऱ्यानंतर ऊसतोडीकरिता पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात. मुले एकतर कोपीवर राहून शाळेस मुकतात, अथवा गावी वृद्ध आजीआजोबांच्या हवाली होतात. दारिद्र्य म्हणजे गुन्हेगारी नव्हे. कष्टकऱ्यांच्या लेकरांवर तसा डाग लावणे हा अन्यायच होय. परंतु ज्याच्या वाट्यास ताटातूट, मारहाण वा व्यसन आले, त्याची झोप उडते, राग अनावर होतो. हे मनाचे दुखणे आहे, आणि त्यास इलाज आहे.

मुलांचा न्याय निराळा असावा हे तत्त्व मुंबई इलाख्यात १९२४ च्या कायद्याने मान्य झाले; बीड तेव्हा निजामी राज्यात होते. आज २०१५ चा बाल न्याय अधिनियम सर्वत्र लागू आहे. मुलास कोठडीत न घालता २४ तासांत बाल न्याय मंडळापुढे आणावे, परिवीक्षा अधिकाऱ्याने १५ दिवसांत त्याच्या घरच्या स्थितीचा अहवाल द्यावा, अशी त्याची आज्ञा आहे. पण मानसिक क्षमतेची तपासणी तो आवर्जून मागतो ती १६ वर्षे पुरी झालेल्या, निर्घृण अपराधाचा आरोप असलेल्या मुलापुरती. आणि तीही खटला प्रौढासारखा चालवावा की नाही, हे ठरविण्याकरिता! मंडळात बालमानसाचा जाणकार नसेल तर तज्ज्ञाचे साह्य घेतलेच पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली बजावले, तेही याच तपासणीविषयी. निरीक्षणगृहात मानसोपचाराची तरतूद आहे खरी. पण जामिनावर जो घरी गेला, त्याचे दुखणे त्याच्याबरोबरच घरी जाते.

कोणी म्हणतील, हे अपराध्यांचे लाड झाले. आम्ही विचारतो, तापाने फणफणलेल्या मुलास औषध देणे हे लाड होत काय? न निवळलेल्या मनाचा मुलगा पुन्हा त्याच वाटेस लागला, तर त्याची झळ आपल्याच पेठेस लागणार.

म्हणून आमची मागणी साधी आहे. मंडळापुढे येणाऱ्या प्रत्येक मुलाची पहिल्याच आठवड्यात मनोवैद्याकडून विचारपूस व्हावी. अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयाने व जिल्हा रुग्णालयाने त्याकरिता ठरावीक वार नेमून द्यावा. मूल तेथे जे बोलेल ते गुप्त राहावे. अपराध शाबीत करण्याकडे त्याचा उपयोग कदापि होऊ नये.

व्यापारी बंधूंसही एक विनंती. बालवयातील अपराधाचा कलंक एरवी पुढील आयुष्यात आड येऊ नये, असे कायद्यानेच ठरविले आहे. असा मुलगा वयात येऊन कामाच्या शोधात दाराशी आला, तर त्यास दुकानाची पायरी चढू द्यावी. अन्नदानाइतकेच पुण्य त्यात आहे.